न बोलणाऱ्या पोराला शाळेत बोलायचं साधन कसं द्यायचं: कागदाच्या तक्त्यापासून मोबाइलपर्यंत

शाळेत पोषण आहाराची पंगत बसली की तिसरीतला एक मुलगा रोज ताट ढकलायचा, कधी बाजूच्याच्या ताटात हात घालायचा, आणि वाढणाऱ्या ताईंनी हात धरला की चावायचा. गावात त्याचं नावच 'चावणारं पोट्टं' पडलं होतं. मी फिरती विशेष शिक्षिका, आठवड्यातून एकदा त्या शाळेत जायची. दोन फेऱ्या मी काहीच केलं नाही, नुसती पंगतीत बसून पाहत राहिली, तेव्हा लक्षात आलं की त्याला भात पाहिजे असतो पण भातावर ओतलेलं वरण नको असतं. वरण वेगळं पाहिजे. एवढीच गोष्ट, पण ती सांगायला त्याच्याजवळ शब्द नव्हता म्हणून दात होते.

पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर लाल फुली काढली, खाली 'नको' लिहिलं, आणि त्याच्या ताटाच्या डाव्या बाजूला ठेवायला लागलो. पहिले पंधरा दिवस तो पाहतच नव्हता, आम्हीच बोट ठेवून 'नको' म्हणायचो. मग एक दिवस वरणाची पळी त्याच्या ताटावर आली तशी त्यानं त्या पुठ्ठ्यावर हात आपटला. ताईंनी पळी मागे घेतली. त्या दिवशी तो पूर्ण भात खाऊन उठला, आणि त्यानंतर पंगतीत चावणं जवळजवळ थांबलंच.

तर हे लिखाण अशा मुलांच्या शिक्षकांसाठी, आईबापांसाठी, अंगणवाडी ताईंसाठी आहे. यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडच्या खेड्यातल्या शाळांमध्ये जे जमलं, जे फसलं, ते सगळं सांगते. टॅबलेटपासून सुरुवात नाही करणार, कारण मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी टॅबलेटपासून सुरुवात केली तिथं काम तिथंच थांबलं. एका शाळेत चित्र दाबलं की बोलणारा टॅबलेट मिळाला होता, तो खराब होऊ नये म्हणून मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता आणि पोरगी वर्गात मुकी बसून होती. पोराचा आवाज कपाटात ठेवता येत नाही, ही एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं.

कोणत्या मुलांसाठी हे काम आहे

सेरेब्रल पाल्सीची मुलं, ज्यांना समजतं सगळं पण जीभ-जबडा-हात साथ देत नाही. ऑटिझमची मुलं. डाउन सिंड्रोम, बौद्धिक दिव्यांगता असलेली मुलं. काही मुलं बोलतात पण घरच्यांशिवाय कोणालाच कळत नाही, त्यांच्यासाठीही.

कानाची तपासणी सगळ्यात आधी करा, हे मी फार कळकळीनं सांगते. 'मतिमंद' म्हणून पाच वर्षं मागच्या बाकावर बसवलेली मुलगी ऐकूच शकत नव्हती असं मी डोळ्यानं पाहिलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं, आणि पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी म्हणजे लवकर निदान-उपचार केंद्रात पाठवतं. पथक येण्याच्या दिवशी ते पोरगं नेमकं घरी असतं, म्हणून आदल्या दिवशी आईला निरोप द्या. मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागातही तपासणी होते. मूल ठार बहिरं निघालं तर त्याला आधी खुणांची भाषा पाहिजे, नुसता चित्रांचा तक्ता, म्हणजे ज्यावर बोट ठेवून मूल आपलं म्हणणं सांगतं तो, पुरणार नाही. भारतीय सांकेतिक भाषेचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश दिल्लीच्या सरकारी केंद्रानं तयार केलेला आहे, फुकट पाहता येतो, शिक्षकांनी त्यातून रोज चार खुणा शिकल्या तरी वर्षभरात गप्पा मारता येतील एवढं होतं.

आता आजीबाईंचा नेहमीचा प्रश्न. 'मॅडम, हे चित्रं दाखवाची सवय लागली तं थो आनखीन बोलनार नाई ना वो?' हा प्रश्न मनापासूनचा असतो, त्याला उडवून लावू नका. आजवरच्या अभ्यासात चित्रं किंवा बोलणारं यंत्र वापरल्यानं बोलणं थांबतं असं दिसलेलं नाही, उलट बऱ्याच मुलांत थोडं बोलणं वाढतं, कारण बोलण्याचा ताण कमी होतो आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा कानावर पडतो. मी आजीला असं सांगते की लहानपणी पांगुळगाडा दिला म्हणून कोणी चालायचं विसरलं का. आणि दुसरं, 'आधी त्याला चित्र ओळखता येऊ दे, एका जागी बसता येऊ दे, मग तक्ता देऊ' असं अजिबात करू नका. त्यासाठी कोणतीही पात्रता परीक्षा नाही. आपण तान्ह्या बाळाशी बोलतोच ना, त्याला कळायच्या आधीपासून.

पहिले पंधरा दिवस: नुसती वही

शंभर पानी वही घ्या, चार रकाने आखा. केव्हा झालं, मुलानं काय केलं, त्याला काय म्हणायचं असावं, आपण काय केलं. दिवसाला पाचच नोंदी पुरे. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: साडेअकरा वाजता, दप्तर उचलून दाराकडे गेली, लघवीला जायचं असावं, मॅडमनी हात धरून परत बसवलं, चड्डीत झाली. पंधरा दिवसांनी वही चाळली तर दिसतं की ते मूल दिवसभर काहीतरी सांगतच होतं. दप्तर उचलणं म्हणजे लघवी, डोळे मिटणं म्हणजे गोंगाट झाला, मॅडमचा पदर ओढणं म्हणजे भूक. 'वागणं बिघडलेलं' ज्याला म्हणतो त्यातलं निम्मंअधिक असं सांगणंच असतं असं माझं मत झालं आहे.

घरी जाऊन आईला विचारायचं आणि तिचं उत्तर त्याच वहीत लिहायचं. आई वावरात जाते, निंदणाचे दिवस असले की संध्याकाळी सातच्या आधी भेटत नाही, म्हणून सोयीची वेळ तिला विचारा, आपली नको. प्रश्न अगदी घरगुती ठेवा: त्याला भूक लागली हे तुम्हाला कसं कळते, कोण आलं की खूश होते, कशाला भेते, रात्री झोपेपर्यंत काय काय होते. आणि घरी कोणती भाषा चालते हे जरूर लिहा. आपल्याकडे घरात कोलामी, गोंडी, कोरकू, बंजारा बोली चालते आणि शाळेत पुस्तकी मराठी, ज्या पोराला बोलता येत नाही त्याला तर हे दुहेरी कुलूप होतं.

शब्द निवडायचे कसे

इथंच सगळ्यात जास्त चूक होते म्हणून इथं थांबून सांगते. पहिला तक्ता केला की आपण त्यावर काय टाकतो? आंबा, केळं, गाय, घोडा, बस, फूल. म्हणजे अंकलिपीच. पण आपण दिवसभर बोलताना घोडा हा शब्द किती वेळा वापरतो? आपलं बोलणं बघा: दे, घे, नको, अजून, थांब, चल, मी, तू, हे, तिकडे, झालं, काय, कुठं. हे मोजके शब्द कुठंही चालतात, पंगतीतही आणि गणिताच्या तासालाही. 'अजून' एक शब्द आला की तो अजून भात, अजून झोका, अजून गाणं, सगळ्याला पुरतो. म्हणून तक्त्याचा मोठा भाग या कामाच्या शब्दांचा असावा आणि थोडा भाग नावांचा.

माझा पहिला बारा घरांचा, म्हणजे बारा चौकोनांचा, तक्ता साधारण असा असतो: मी, तू, पाहिजे, नको, अजून, झालं, थांब, मदत, चल, हे, आवडलं, दुखतं. 'नको' मी कधीही सोडत नाही. आपल्याला पोरानं 'पाहिजे' म्हणायला आवडतं, 'नको' म्हटलं की उद्धटपणा वाटतो, पण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या अंगाला कोणीही काहीही करू शकतं. त्यासाठीच दुसऱ्या पानावर शरीराचे सगळे अवयव, लघवीची जागासुद्धा, आणि 'मला हात लावला', 'भीती वाटते', 'मॅडमला सांगायचं आहे' ही घरं ठेवाच. शिक्षकांना हे टाकायला लाज वाटते, पण दिव्यांग मुलांसोबत वाईट होतं तेव्हा ते सांगता येत नाही म्हणूनच ते चालत राहतं. लाज बाजूला ठेवा.

नावांचे शब्द मुलाच्या जगातले घ्या, पुस्तकातले नको. शहरातून छापून आलेल्या एका तक्त्यावर पिझ्झा होता, बर्गर होता, स्विमिंग पूल होता. आमच्या पोराला भाकर, आलुबोंडा, मुरमुरे, फल्लीदाणे, वावर, बकरी, बोअरची टाकी, एसटी, मोठी आई, मामाजी हे पाहिजे. पोळ्याच्या आठवड्यात एक जास्तीची पट्टी करायची: बैल, झूल, लाकडी नंदी, तोरण, बोजारा. तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात, त्यांना बोजारा म्हणून पैसे-खाऊ मिळतो, आणि आमची एक व्हीलचेअरवरची मुलगी त्या दिवशी मांडीवर नंदी आणि गळ्यात पट्टी घालून अकरा घरं फिरली, प्रत्येक दारात 'बोजारा दे' वर बोट ठेवत. अकरावं घर सरपंचांचं होतं, तिथं तिनं बोजारा घेतल्यावर 'अजून' वर बोट ठेवलं आणि सरपंचांनी खरंच अजून दिलं.

चित्राखालचा शब्द घरच्या बोलीतलाच लिहा, 'भोजन' नको 'जेवण', 'वेदना' नको 'दुखतं'. बंजारा किंवा कोलामी घर असेल तर आईला विचारून तिचा शब्द देवनागरीत वर आणि मराठी खाली.

तक्ता बनवायचा कसा

सामान तालुक्याच्या गावी सगळं मिळतं. ए-फोर आकाराचा जाड पुठ्ठा, कलर प्रिंट, झेरॉक्सच्या दुकानातलं लॅमिनेशन, आणि चिकटपट्टी म्हणजे ज्याला वेलक्रो म्हणतात ती फॉल-पिकोच्या दुकानात मीटरवर मिळते. चित्रांसाठी 'अरासाक' नावाचा स्पेनमधल्या अरागॉन सरकारचा चित्रसंग्रह फुकट आहे, विक्रीसाठी नसेल आणि त्यांचं नाव खाली टाकलं तर वापरता येतो. पण माणसं आणि जागा यांचे मात्र मोबाइलवर काढलेले खरे फोटो घ्या. फोटो काढताना मागं पसारा नको. हँडपंपाचा फोटो काढला आणि त्यात मागं दोन शेळ्या आल्या तर मुलाला ते चित्र शेळ्यांचं वाटतं, आमच्याकडे असं झालं आहे.

एका पानावर किती घरं हे मुलाच्या नजरेवर आणि हातावर ठरवा, हुशारीवर नाही. बोट नेमकं टेकत असेल तर बारा, वीस, पुढं चाळीससुद्धा. पूर्ण हात आपटत असेल तर एका पानावर चारच घरं आणि मधे दोन बोटं मोकळी जागा. एकदा 'नको' वरच्या कोपऱ्यात ठेवलं की पुढच्या प्रत्येक तक्त्यात ते तिथंच ठेवा, कारण हाताला जागा पाठ होते, जशी आपल्याला घरातल्या लाइटच्या बटणाची होते. दर महिन्याला सुंदर दिसावं म्हणून मांडणी बदलणारे शिक्षक मी पाहिले आहेत, त्यांची मेहनत खरी असते पण पोराला दर महिन्याला नवीन भाषा शिकावी लागते.

लॅमिनेशन चकाकणारं नको, पत्र्याच्या वर्गात दारातून ऊन आलं की चित्रच दिसत नाही, मॅट मागा. कडा गोल कापा, टोचतात. एक प्रत दप्तरात, एक वर्गाच्या भिंतीवर मुलाच्या उंचीला, एक पंगतीच्या जागी, एक घरी चुलीपासून लांब खिळ्याला. म्हणजे चार प्रती. एकच प्रत असली की ती पहिल्या पावसात जाते.

ज्यांचा हात चालत नाही त्यांच्यासाठी

सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांचा हात नेमका जात नाही पण नजर जाते. पुठ्ठ्याची चौकट कापा, पाटीपेक्षा थोडी मोठी, मधे मोठी खिडकी, चार कोपऱ्यात चार चित्रं. आपण मुलाच्या समोर बसून चौकट दोघांच्या मधे धरायची आणि खिडकीतून त्याचे डोळे पाहायचे. तो ज्या कोपऱ्याकडे पाहून थांबतो ते मोठ्यानं बोलायचं, 'पाणी म्हणतोस का', आणि त्यानं परत आपल्याकडे पाहिलं की हो. अट अशी की चित्रं दोन्ही बाजूंनी लावायची, नाहीतर आपल्याला उलटं आठवावं लागतं आणि चूक होते.

दुसरा उपाय तर बिनपैशाचा आहे. आपण एकेक पर्याय शांतपणे म्हणायचा: पाणी? बाहेर? दुखतं? दुसरं काहीतरी? मुलानं ठरलेली खूण करायची, वर पाहणं किंवा मूठ मिटणं. 'दुसरं काहीतरी' हा पर्याय प्रत्येक वेळी शेवटी म्हणा. तो नसला तर मुलाला आपल्याच यादीतलं निवडावं लागतं. एका चौथीतल्या मुलानं सलग पाच दिवस 'दुसरं काहीतरी' निवडलं, आम्ही विचारत गेलो विचारत गेलो, शेवटी कळलं की खुर्चीचा एक खिळा मांडीला टोचत होता.

बसायची स्थिती आधी नीट करा. पाय लोंबकळत असले तर सगळी ताकद पडू नये यातच जाते, पायाखाली विटा किंवा लाकडी पाट ठेवा, कमरेला ओढणीचा पट्टा घ्या, मग नजर आणि हात मोकळे होतात.

आधी आपण वापरायचं

तक्ता दिला आणि मुलाला म्हटलं 'दाखव, पाणी दाखव', हे शिकवणं नाही, ही तोंडी परीक्षा झाली. साधं मूलसुद्धा बोलायच्या आधी वर्षभर नुसतं ऐकतं. या मुलाला कोणी तक्त्यानं बोलताना पाहिलंच नाही तर ते शिकेल कुठून? म्हणून पहिले दोन-तीन महिने बोलताना आपणच बोट ठेवायचं. 'चल, आपण बाहेर जाऊ' म्हणताना 'चल' वर बोट. 'खडू संपला, झालं' म्हणताना 'झालं' वर. सगळे शब्द नाही, वाक्यातला एक किंवा दोन. तो पाहत नसला तरी करायचं, डोळ्याच्या कोपऱ्यातून तो पाहतच असतो.

मग थांबायचं. प्रश्न विचारून मनात हळूहळू दहा आकडे मोजा, तोंड बंद ठेवून. दहा आकडे म्हणजे किती लांब असतात ते करून पाहा, मला स्वतःला हे शिकायला वर्ष लागलं. आपण तीन आकड्यांत पुढचा प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तर तिकडं अर्ध्या वाटेत मरतं.

हात धरून जबरदस्तीनं बोट टेकवू नका, ते बोलणं आपलं होतं, त्याचं नाही. चुकून भलत्याच चित्रावर बोट गेलं तरी ते खरं धरा, 'दुखतं' वर हात पडला तर 'कुठं दुखतं?' विचारा, असंच त्याला कळतं की या चित्रात ताकद आहे. आणि त्यानं 'नको' म्हटलं की शक्य तेवढं मान्य करा, जिथं मान्य करता येत नाही, जसं औषध, तिथं म्हणा 'तुला नको आहे मला समजलं, पण घ्यावं लागेल'. ऐकून घेतलं तरी पुरतं बऱ्याचदा.

काही मुलं आठ दिवसांत सुरू करतात, काहींना आठ महिने लागतात. मधेच 'याच्यानं काही होत नाही' म्हणून तक्ता काढून घेण्याचं मन होईल, तेव्हा वही उघडा. वहीत दिसतं.

वर्गात कुठं कुठं घालायचं

वेगळ्या खोलीत अर्धा तास 'थेरपी' करून काही साधत नाही, वर्गातच घालावं लागतं. परिपाठात आजचा वार-तारीख सांगायचं काम या मुलाला द्या, वाराच्या सात चिठ्ठ्यांतून एक लावायची. हजेरीला 'हजर' चं चित्र. गोष्ट सांगताना 'मग काय झालं?' हे घर त्याच्या हाती, तो बोट ठेवेल तेव्हाच पुढचं सांगायचं, सगळा वर्ग त्याच्या बोटाकडे पाहत बसतो. गणितात अंकपट्टी आणि जास्त-कमी-सारखं. तोंडी परीक्षेत चार उत्तरांची कार्डं. दहावीपर्यंत पोहोचलेल्या मुलांना लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ या सवलती असतात, त्याचा अर्ज बोर्डाचा फॉर्म भरतानाच करायचा, परीक्षेच्या आठवड्यात धावपळ नको.

वर्गातली बाकी पोरं सगळ्यात चांगली शिक्षक असतात. त्यांना दोनच नियम सांगा: त्याच्या तक्त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि त्याच्या ऐवजी उत्तर द्यायचं नाही.

आता मोबाइल आणि टॅबलेट

कागदाचा तक्ता दोन-तीन महिने चालला, मूल त्यावरून काहीतरी सांगायला लागलं, की मग आवाज देणारं साधन फार मोठा फरक पाडतं. कागद बघायला समोरच्यानं जवळ यावं लागतं, आवाज मागच्या बाकापर्यंत जातो.

'जेलो' हे ॲप आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालं आहे, फुकट आहे, मराठीत आहे. मधे विषयांची नऊ बटणं, खाणं, माणसं, जागा, मदत अशी, आणि दोन्ही बाजूंना मिळून सहा भावनांची: आवडतं, हो, जास्त, आणि नावडतं, नाही, कमी. चित्र दाबून बाजूचं बटण दाबलं की पूर्ण वाक्य बोलतं. 'आवाज' हे चेन्नईत तयार झालेलं ॲप जास्त खोल आहे, शब्द भरपूर, पण त्याला पैसे लागतात, म्हणून चाचणीच्या मुदतीत वापरून पाहा मगच ठरवा. जे मूल वाचायला शिकलं आहे त्याला चित्रांची गरज नाही, साध्या मराठी कीबोर्डवर लिहून फोनला वाचायला लावलं तरी झालं. ज्याला कमी ऐकू येतं पण वाचता येतं त्याच्यासाठी गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब शिक्षकांचं बोलणं मराठीत लिहून दाखवतं, त्याला नेट चांगलं लागतं आणि गोंगाटात चुकतं.

लावताना क्रम असा ठेवा. तालुक्याला किंवा जिथं नेट मिळेल तिथं ॲप आणि मराठी आवाज दोन्ही आधीच डाउनलोड करून घ्या, फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टेक्स्ट टू स्पीच असतं तिथं मराठी निवडा, वेग थोडा कमी करा. मग फोन एरोप्लेन मोडवर टाकून सगळी बटणं दाबून पाहा, गावात रेंज नसताना चालतं का ते इथंच कळतं. त्यानंतर ॲप पिन करा म्हणजे मूल चुकून यूट्यूबवर जाणार नाही. एकदा त्याच फोनवर गाणी पाहायला दिली की तो फोन बोलायचा राहत नाही, म्हणून बोलायचा फोन वेगळाच पाहिजे, घरातला जुना, फुटक्या काचेचा, सिमशिवायचाही चालतो.

रेकॉर्ड करायची सोय असेल तर आवाज घरच्यांचा, नाहीतर गावातल्या त्याच वयाच्या मुलाचा घ्या. एका आईनं कोलामीत 'पाणी' रेकॉर्ड केलं, आणि पोरीनं ते बटण त्या दिवशी इतक्या वेळा दाबलं की तिला तहान नव्हती हे सगळ्यांना कळत होतं, तिला तो आवाज ऐकायचा होता.

आपल्याकडचं ऊन लक्षात ठेवा. एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेतसुद्धा पत्र्याखाली टॅबलेट तापून आपोआप बंद पडतो, खिडकीत ठेवू नका, ओल्या फडक्याजवळ तर मुळीच नको. भारनियमन असतं म्हणून रात्री घरी चार्ज करायची जबाबदारी एका माणसाच्या नावानं ठरवा. आणि कागदाचा तक्ता कधीच रिटायर करू नका, बॅटरी संपली म्हणून पोरगं मुकं होता कामा नये.

पैसे, कागद आणि हक्क

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १७ मध्ये हे सरळ लिहिलं आहे की बोलण्याची अडचण असलेल्यांसाठी ब्रेल, सांकेतिक भाषा आणि बोलण्याला पूरक अशा पर्यायी साधनांना प्रोत्साहन द्यायचं, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगता असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि सहायक साधनं मोफत द्यायची. म्हणजे आपण उपकार मागत नाही. अर्ज लिहिताना हे कलम लिहा, फरक पडतो.

कागदांत पहिलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, स्वावलंबन नावाच्या वेबसाइटवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एक आहे का ते आधी पाहा, वेलांटीच्या फरकानं एका बापाच्या तीन चकरा गेल्या, प्रत्येक चकरेला मजुरी बुडाली.

पैशासाठी तीन दारं ठोठवा. एक, समग्र शिक्षा ही शाळांसाठीची सरकारी योजना, त्यात दिव्यांग विद्यार्थ्यामागं वर्षाला ₹३,५०० पर्यंतची तरतूद असते, मुलींना वेगळा दरमहा ₹२०० प्रमाणे १० महिन्यांचा भत्ता, याची माहिती पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांकडे. दोन, केंद्राची साधनं देणारी एडिप योजना, तिची शिबिरं अलिम्को ही सरकारी कंपनी भरवते, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, शैक्षणिक किट मिळतात. तीन, ग्रामपंचायत, तिला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हे तिसरं दार लोक विसरतात. लॅमिनेशन, एक साधा टॅबलेट, पायाखालचा पाट एवढ्याला तो निधी पुरतो, फक्त शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि दुकानाचं कोटेशन जोडून ग्रामसभेत विषय मांडा, आईला बोलू द्या. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुदिव्यांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमाही आहे, १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. मोठं मूल्यमापन पाहिजे असेल तर नागपूरला केंद्र सरकारचं सीआरसी म्हणजे दिव्यांगांसाठीचं पुनर्वसन केंद्र आहे.

उन्हाळा आणि पुढचा वर्ग

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे जवळजवळ दोन महिने सुट्टी, आणि त्यात तक्ता माळ्यावर जातो. म्हणून सुट्टीच्या आधी घरच्यांना एकच काम द्या: रोज रात्री जेवताना सगळ्यांनी एकदा तक्त्यावर बोट ठेवून बोलायचं, बापानंसुद्धा. सुट्टीचे शब्द जोडा: मामाचं गाव, रसाळी, कूलर, लग्न, डीजे, 'आवाज मोठा आहे'.

आणि शिक्षक बदलतात. नवीन मॅडम येतात, त्यांना काहीच माहीत नसतं, पोरगं पुन्हा पहिल्या दिवसावर. त्यासाठी एक पान लिहून वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा, मुलाच्याच तोंडचं. आमच्या त्या तिसरीतल्या, आता पाचवीत गेलेल्या मुलाचं पान असं आहे: 'मला सगळं समजतं. माझा तक्ता माझ्या गळ्यात असतो, तो काढू नका. मला उत्तर द्यायला वेळ लागतो, दहा मोजा. मी वर पाहिलं म्हणजे हो. ढोल वाजला की मी कान झाकतो, तेव्हा मला बाहेर जाऊ द्या. मला भात आवडतो. वरण वेगळं वाढा.'